हाजरीचा दर आणि दलालाचा वाटा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या मजुराला 'तुझा मालक कोण?' असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी तो घुटमळतो. तो राबतो वीजकेंद्राच्या राखेत, कोळशाच्या सायडिंगवर, सिमेंटच्या पोत्यांखाली, सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा वनविभागाच्या रोपवनात. परंतु त्याची हाजरी मांडतो मुकादम आणि त्याचा पगार काढतो कंत्राटदार. अलीकडे तर कंत्राटदाराच्याही जागी 'मनुष्यबळ पुरवठा करणारी संस्था' असे भारदस्त नाव धारण केलेली एजन्सी येऊन बसली आहे. ज्याच्यासाठी घाम गाळायचा तो म्हणतो, 'हा माणूस आमचा नव्हे.' जो पगार देतो तो म्हणतो, 'वरून जेवढे येते तेवढेच मी देणार.' या दोन वाक्यांच्या मधल्या पोकळीत या भागातल्या हजारो श्रमिकांची रोजी अडकून पडलेली आहे.

रोजंदारीचा दर ठरवणे म्हणजे काय, याचा विचार आपल्या चळवळीने पुन्हा मुळापासून करण्याची वेळ आली आहे. गिरणीच्या किंवा खाणीच्या जुन्या लढ्यात समोरासमोर दोन पक्ष होते. मालकाच्या नफ्याचा अंदाज कामगाराला असे आणि संपाचा धाक मालकाला असे. एजन्सीच्या पद्धतीत खरी वाटाघाट मजूर दाराबाहेर उभा असतानाच उरकलेली असते. मुख्य मालक आणि एजन्सी निविदेच्या कागदावर एका हाजरीची किंमत ठरवतात; त्यानंतर एजन्सी मजुराशी जी बोलणी करते, ती उरलेल्या रकमेच्या वाटपाची असते. आपले कार्यकर्ते बहुतेक वेळा या दुसऱ्या टप्प्यावर जाऊन पोहोचतात, दहा-वीस रुपयांची वाढ पदरात पाडून घेतात आणि विजयाची सभा भरवतात. मूळ आकडा मात्र कोणी पाहिलेलाच नसतो.

कूपापासून एजन्सीपर्यंत

या भागाला मध्यस्थ नवा नाही. लाकडाचे कूप लिलावात घेणारा ठेकेदार, बांबूच्या कटाईसाठी टोळ्या आणणारा मुकादम, तेंदूच्या फळीवर पुडे मोजणारा दिवाणजी ही या जंगलातली जुनी माणसे. १९४७ साली त्या वेळच्या मुंबई राज्याने बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने जंगल कामगारांच्या सहकारी संस्था काढल्या, त्या कूपाचा ठेकेदार हटवण्यासाठीच. त्यामागे ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या १९४५-४६ च्या लढ्याची पार्श्वभूमी होती, हेही विसरता येत नाही. गवत कापणीचा आणि जंगलकामाचा दर काय असावा, हाच त्या लढ्यातला एक मुख्य प्रश्न होता. पुढे विदर्भातही अशा संस्था उभ्या राहिल्या. त्यांतल्या काहींनी चांगले काम केले. परंतु जिथे संस्थेच्या नावावर व्यापाऱ्याचेच भांडवल खेळू लागले, तिथे ठेकेदार पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने परत आला. संस्थेची पाटी बदलली म्हणजे संबंध बदलतात असे नाही, हा त्यातला धडा आहे.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. एका बाजूला कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद यांनी भरलेला चंद्रपूर. दुसऱ्या बाजूला जंगल आणि बेकारी यांनी भरलेला गडचिरोली. सुरजागडच्या लोहखाणीने आणि कोनसरीच्या कारखान्याने हे चित्रही आता बदलत आहे. परंतु उद्योग आला म्हणजे नोकरी आली, हे समीकरण १९७० च्या दशकात जेवढे खरे होते तेवढे आज राहिलेले नाही. आज उद्योगाबरोबर प्रथम येते ती एजन्सी. आयटीआय झालेला एटापल्लीचा मुलगा काय, किंवा सातवीतून शाळा सोडलेला गोंडपिपरीचा मुलगा काय, त्याला कामाचा पत्ता कळतो तो एजन्सीच्या माणसाकडून. त्याला मिळतो तो एक दर, एक ओळखपत्र आणि कंत्राटाची मुदत संपेपर्यंतची शाश्वती.

ज्याला एवढेही मिळत नाही तो सीमा ओलांडतो. दर हिवाळ्याच्या अखेरीस या दोन जिल्ह्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. त्यात स्त्रियांची संख्या मोठी. तिथला दर, राहण्याची जागा, जाण्यायेण्याचे भाडे, सारे मुकादम ठरवतो आणि गावातून निघताना हाती दिलेली उचल हाच त्या कराराचा एकमेव दस्तऐवज. शेतात पोहोचल्यावर दर पटला नाही तरी परत फिरण्याची सोय नसते. वाटाघाट करण्यासाठी माणसाला 'नाही' म्हणण्याची मुभा लागते; उचल घेतलेल्या मजुराला ती मुभा नसते. एजन्सीच्या बाबतीतही अनेक ठिकाणी कामावर घेण्यासाठी आधी पैसे मोजावे लागल्याच्या तक्रारी ऐकू येतात. तिथे उचल उलटी असते एवढेच, परिणाम तोच.

आठशे पंच्याऐंशी रुपयांचा हिशेब

तत्त्वचर्चा बाजूला ठेवून एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. टक्केवारी मात्र प्रचलित आहे. समजा, एका मजुराचा रोजचा दर ५०० रुपये ठरला. त्यावर भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा १२ टक्के, म्हणजे ६० रुपये. राज्य कामगार विमा जिथे लागू आहे तिथे मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे सव्वासोळा रुपये. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे ४१ रुपये ६५ पैसे. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा धरली, तर २५ रुपये. ही सारी बेरीज ६४२ रुपये ९० पैसे होते. समजा, मुख्य मालक एजन्सीला एका हाजरीमागे ७५० रुपये देतो. मग उरलेले १०७ रुपये १० पैसे हा एजन्सीचा वाटा झाला. मनुष्यबळ पुरवठ्याच्या बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. त्याचे १३५ रुपये. मुख्य मालकाच्या वहीत एका हाजरीचा खर्च ८८५ रुपये पडला.

आता मजुराच्या हाती काय येते ते पाहा. ५०० रुपयांतून भविष्यनिर्वाह निधीचे ६० आणि विम्याचे पावणेचार रुपये कापले जातात. उरतात ४३६ रुपये २५ पैसे. आणि हे सारे सचोटीने झाले तर! निधीची रक्कम कापली पण भरली नाही, बोनस वहीत लिहिला पण दिला नाही, रजेचा पगार गिळला, सव्वीस हाजऱ्यांच्या जागी बावीस मांडल्या, बँकेत पूर्ण पगार जमा करून त्यातली रोख रक्कम परत मागून घेतली, असे सारे प्रकार कंत्राटी कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला तोंडपाठ आहेत. त्यांतला एखादा प्रकार जरी घडला, तरी एजन्सीचा १०७ रुपयांचा वाटा बघता बघता दोनशेवर जातो.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की मजुराच्या दरात ५० रुपयांची वाढ मागायला गेलो आणि एजन्सीने 'परवडत नाही' असे सांगितले, तर ते खरे की खोटे हे ७५० चा आकडा ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही. मुख्य मालकाचा कार्यादेश आणि त्यातला दर हेच या वाटाघाटीतले पहिले शस्त्र आहे. मुख्य मालक सरकारी कंपनी किंवा सरकारी कार्यालय असेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तो कागद मागता येतो. आपल्या किती शाखांनी असा अर्ज आजवर केला आहे?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. निविदेत सर्वांत कमी दराच्या एजन्सीला काम मिळते. मजुरी आणि निधी कायद्याने ठरलेले असतील, तर स्पर्धा फक्त एजन्सीच्या सेवाशुल्कातच होऊ शकते. मग एखादी एजन्सी नगण्य सेवाशुल्कावर काम घेते, तेव्हा ती धर्मादाय करायला निघालेली नसते. तिचा नफा कुठून तरी निघणारच आणि तो निघण्याची एकच जागा शिल्लक असते, ती म्हणजे मजुराची हाजरी. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करणारा अधिकारी या चोरीचा साक्षीदार असतो, आणि पुष्कळदा तो जाणता साक्षीदार असतो.

कायद्याने काय दिले आणि काय काढून घेतले

१९७० साली कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा झाला, तेव्हा त्याच्या नावातच निर्मूलन हा शब्द होता. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकण्यात आली होती. १९७१ च्या केंद्रीय नियमांत तर अशी अट होती की थेट नेमलेल्या कामगारासारखेच काम कंत्राटी कामगार करत असेल, तर त्याला तोच दर दिला पाहिजे. १ फेब्रुवारी १९७५ च्या अधिसूचनेने कोळसा खाणींतले कोळसा काढणे, चढ-उतार, मातीचा थर हटवणे अशा कामांत कंत्राटी मजुरीला बंदी घालण्यात आली. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरचे ते स्वाभाविक पाऊल होते. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी दराने काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठ होय. उपासमारीपायी पत्करलेला दर हा राजीखुशीचा दर नव्हे, हे तत्त्व त्या निकालाने मान्य केले.

त्यानंतरचा प्रवास उतरणीचा आहे. बंदीनंतर कंत्राटी कामगार आपोआप मुख्य मालकाचा कामगार ठरतो, असे १९९६ साली म्हणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात ते मत फिरवले. महाराष्ट्राने कायदा लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर नेली. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत शासकीय कार्यालयांना कुशल, अकुशल मनुष्यबळ पुरवण्याचा निर्णय काढला. सुशिक्षित तरुणांच्या संतापामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. त्या आंदोलनाचे यश मोठे होते. परंतु निर्णय रद्द झाला म्हणून पद्धत रद्द झाली नाही. आणि ज्या तरुणांनी लेखनिकाच्या पदासाठी आवाज उठवला, त्यांतल्या फार थोड्यांना वॉर्डातल्या सफाई कामगार बाईच्या एजन्सीची आठवण झाली, हेही नमूद केले पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. १९७० चा कायदा आणि स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा हे दोन्ही त्यांत विलीन होऊन संपले. नव्या संहितेत कंत्राटी मजुरीचे प्रकरण पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथेच लागू होते. आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी मजूर लावू नयेत असे संहिता म्हणते. पण गाभ्याबाहेरच्या कामांच्या यादीत सफाई, पहारा, उपाहारगृह, बागकाम यांच्याबरोबर चढ-उतारही आहे, आणि गाभ्याच्या कामालाही अपवादांच्या खिडक्या ठेवलेल्या आहेत. कोळशाची चढ-उतार ही १९७५ साली बंदीयोग्य वाटलेली गोष्ट पन्नास वर्षांनी किरकोळ काम ठरावी, यावरून काळ कोणत्या दिशेने वाहत आहे ते कळते. एकच दोर शाबूत राहिला आहे: कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकाने दिली पाहिजे, ही जबाबदारी नव्या संहितेतही आहे. तो दोर आपण घट्ट धरला पाहिजे.

शेजारचे तीन दाखले

एजन्सीच्या डोक्यावरून मुख्य मालकाशी दर ठरवता येतो का? येतो. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

गडचिरोलीची पूर्व सीमा ओलांडली की दल्ली-राजहराच्या लोहखाणी लागतात. भिलाई पोलाद कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या या खाणींतल्या कंत्राटी मजुरांनी १९७७ साली प्रस्थापित संघटनांपासून फारकत घेऊन छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभारला, कारण त्या संघटनांनी केलेल्या बोनसच्या करारात कायम कामगाराला एक रक्कम आणि कंत्राटी मजुराला तिच्याहून कितीतरी कमी रक्कम होती. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली त्यांनी ज्या मागण्या केल्या, त्यांत काम नसलेल्या दिवसाची मजुरी होती आणि पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी बांबू-बल्ल्यांचा भत्ताही होता. त्याच जूनमध्ये गोळीबार झाला आणि अकरा माणसे मारली गेली. तरीही संघटना टिकली, दर वाढले, आणि ते केवळ कंत्राटदाराच्या मर्जीवर राहिले नाहीत; भिलाईच्या व्यवस्थापनाला त्या बोलण्यांत उतरावे लागले. नियोगींचा खून १९९१ साली झाला. त्यांनी घालून दिलेला धडा मात्र जिवंत आहे.

दुसरा दाखला आपल्याच कोळसापट्ट्यातला. कोल इंडिया आणि केंद्रीय कामगार संघटना यांच्या उच्चाधिकार समितीने खाणकामातल्या कंत्राटी कामगारांसाठी स्वतंत्र दर ठरवले. १ जानेवारी २०१३ पासून अकुशल कामगाराला ४६४, अर्धकुशलाला ४९४, कुशलाला ५२४ आणि अतिकुशलाला ५५४ रुपये रोज, असा तो दर होता. त्या वेळच्या वैधानिक किमान वेतनापेक्षा तो बराच वरचा होता. आकड्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही की दर ठरवताना कंत्राटदार टेबलावर नव्हता. मुख्य मालक आणि कामगार यांनी दर ठरवला आणि कंत्राटदाराला तो निविदेची अट म्हणून स्वीकारावा लागला. हा दर कागदावर राहतो आणि हाती पूर्ण पडत नाही, ही तक्रार वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या पट्ट्यात जुनी आहे, हे आम्ही जाणतो. परंतु कागदावरचा हक्क वसूल करणे आणि कागदावर नसलेला हक्क मागणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तिसरा दाखला महाराष्ट्राने देशाला दिलेला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने टोळीवाल्याला बाजूला करून मंडळ आणले. मालकांचे, कामगारांचे आणि शासनाचे प्रतिनिधी असलेल्या या मंडळाकडे कामगाराची नोंद होते, मालक मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराला पगार, निधी, बोनस, रजा देते. मालक बदलला तरी कामगाराची नोंद तुटत नाही. १९८१ च्या कायद्याने हीच कल्पना खासगी सुरक्षारक्षकांना लागू केली. मनुष्यबळ 'पुरवण्यासाठी' नफेखोर एजन्सीच लागते, या प्रचाराला याहून चांगले उत्तर नाही. मंडळांचा कारभार निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. पण मंडळाला जाब विचारता येतो. एजन्सी मात्र कंत्राट संपताच पत्ता बदलते.

तेंदूच्या पानाने दाखवलेली वाट

सर्वांत मोठा धडा मात्र जंगलाच्या आतून आला आहे. मे महिन्यात पहाटे तेंदूची पाने तोडायची, दुपारभर घरातल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सर्वांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायचे. शंभर पुड्यांचा दर ठेकेदार सांगेल तो. १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. ठेकेदार तरीही राहिलाच. १९८० नंतर या जंगलात शिरलेल्या नक्षलवाद्यांनी हाच दर हाती घेतला, आणि धाकाने तो वाढलाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु धाकाने वाढलेला दर मजुराच्या संघटनेचा नसतो. ठेकेदाराने खंडणी दिली आणि धंदा चालू ठेवला. बोलण्याचा अधिकार आदिवासीच्या हाती आला नाही. लोकशाही समाजवादी चळवळीने हे मैदान वेळीच सांभाळले असते, तर ते दुसऱ्याच्या हाती गेले नसते, हा दोष आपलाही आहे.

तो अधिकार आला १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने, आणि त्यासाठी गावागावांनी चिकाटीने केलेल्या कामाने. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर अनेक ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली. इथे संबंधच उलटा झाला. पान ग्रामसभेचे, निविदा ग्रामसभेची, अटी ग्रामसभेच्या. ठेकेदार आला तो गिऱ्हाईक म्हणून. तोडणाऱ्याची मजुरी आणि पानाची किंमत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्हींवर आपला हक्क आहे, हे साध्या गोंड बाईला कळले. कामगार शिबिरांतल्या दहा व्याख्यानांनी जे साधत नाही ते एका लिलावाने साधले.

या वाटेवरही खड्डे आहेत. २०१७ साली तेंदूच्या पानावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पाच टक्क्यांवर आला. विडीची मागणी घटते तशी पानाची किंमत खाली-वर होते. ठेकेदार संगनमत करून निविदा पाडतात, माल उचलून रक्कम थकवतात. एकटी ग्रामसभा अशा वेळी हतबल होते, म्हणून तर महाग्रामसभा लागते. पण मूळ सूत्र कायम राहते: जो दर ठरतो तो उघड सभेत, सर्वांच्या देखत ठरतो. एजन्सीच्या कार्यालयात ठरणाऱ्या दराला हीच कसोटी का लावू नये?

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर एक आक्षेप हमखास येतो: 'दर वाढवून मागितला तर एजन्सी बाहेरच्या राज्यातून माणसे आणील आणि आपली मुले घरी बसतील.' भीती खोटी नाही. परंतु तिचे जे उत्तर काही पक्ष देतात, ते म्हणजे परप्रांतीय मजुराला हुसकावणे, ते आम्हाला मान्य नाही. तेलंगणाच्या मिरचीच्या शेतात आपली माणसेही परप्रांतीयच असतात. बाहेरचा मजूर स्वस्त पडतो म्हणूनच एजन्सीला हवा असतो. दर सर्वांना एकच झाला की त्याला आणण्यातला फायदा संपतो. म्हणून दराची अट माणसाला नव्हे, कामाला चिकटवली पाहिजे. पंजाबच्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत समान कामाला समान वेतनाचे तत्त्व पुन्हा उचलून धरले आहे. ते कंत्राटी मजुरापर्यंत नेणे हे आपले काम आहे.

दुसरी अडचण आपल्या घरातली आहे. कायम कामगारांच्या संघटना कंत्राटी मजुराला सभासद करून घ्यायला नाखूश असतात. एकाच दुर्गापूर परिसरात खाणीतल्या मजुराचे सरकार दिल्लीचे आणि वीजकेंद्रातल्या मजुराचे सरकार मुंबईचे. दोघांचे किमान वेतन वेगळे, दोघांच्या संघटना वेगळ्या, आणि बाजारात तांदळाचा भाव मात्र एकच. ही फाळणी कायद्याने केली असली, तरी ती टिकवून ठेवली आहे आपण.

काय केले पाहिजे

म्हणून कार्यकर्त्यांपुढे आम्ही काही कामे ठेवतो. ती भव्य नाहीत, पण करण्याजोगी आहेत. प्रत्येक शाखेने आपल्या क्षेत्रातल्या सरकारी आस्थापनांच्या मनुष्यबळ कंत्राटांचे कार्यादेश माहिती अधिकारात मिळवावेत आणि एका हाजरीचा हिशेब, वर मांडला तसा, मजुरांच्या वस्तीत फळ्यावर लिहावा. प्रत्येक मजुराला स्वतःच्या हाजऱ्यांची स्वतंत्र वही ठेवायला शिकवावे. भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक त्याला तोंडपाठ असावा. निविदा निघण्यापूर्वी, म्हणजे जुने कंत्राट संपण्याच्या तीन-चार महिने आधी, मुख्य मालकाकडे मागणीपत्र द्यावे: दर निविदेत लिहा, सेवाशुल्काची किमान मर्यादा ठरवा म्हणजे चोरीला निमित्त उरणार नाही, आणि कंत्राटदार बदलला तरी कामगार व त्याची सेवा कायम धरा. वाटाघाटीच्या प्रत्येक बैठकीत मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर असल्याशिवाय बसू नये. आणि राज्य पातळीवर एकच मागणी सातत्याने करावी: माथाडीच्या धर्तीवर कंत्राटी मनुष्यबळासाठी त्रिपक्षीय मंडळ.

मिरची तोडायला जाणाऱ्या बायकांसाठी याहून साधी सुरुवात करता येईल. टोळी निघण्यापूर्वी ग्रामसभेत मुकादमाला बोलावून दर, भाडे, निवारा आणि आजारपणाची जबाबदारी या चार गोष्टी ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्याव्यात. तेंदूचा लिलाव करणारी ग्रामसभा हे निश्चित करू शकते.

मजुराचा दर किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु तो दर कोणी, कुठे आणि कोणाच्या देखत ठरवला, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. जंगलातल्या ग्रामसभेने त्याचे उत्तर आपल्या पुरते शोधले. कोळशाच्या सायडिंगवर आणि रुग्णालयाच्या वॉर्डात उभ्या असलेल्या मजुराला ते उत्तर मिळवून देणे, हे आता आपल्यावर आहे. पुढची निविदा निघायला फार दिवस नाहीत.